आठवी उडी

“भिंत सोड. ती तुझ्याशिवायही उभी राहील,” लॉर्ना बर्केट म्हणाली.

नेल मॉसपने भिंतीवरचा हात काढला आणि ती डाव्या पायावर उभी राहिली. दोन क्षण सगळं ठीक होतं. मग तिचा उजवा खुबा हळूच खाली उतरला आणि तोल सावरायला खांदे डावीकडे कलले. मागे स्टुलावर बसलेल्या लॉर्नाला जे बघायचं होतं ते दिसलं.

“दुखतं कुठे?”

“दुखत नाही तसं. डाव्या जांघेत जरा ओढल्यासारखं होतं.”

“कधीपासून?”

“झाले थोडे दिवस.”

“थोडे म्हणजे?”

“ख्रिसमसपासून.”

एप्रिल चालू होता. लॉर्नाने कागदावर ‘चार महिने’ लिहिलं आणि मनातल्या मनात त्यात आणखी एक घातला. आल्डरबेकच्या खोऱ्यात दुखतंय असं म्हणायची रीतच नव्हती. एडक्याने धडक देऊन दोन बरगड्या मोडलेला माणूसही ‘चालतंय’ म्हणायचा. लॉर्नाच्या स्वतःच्या आईने मरणाच्या आदल्या दिवशी डॉक्टरांना ‘तशी बरी आहे’ असं सांगितलं होतं. या गावात पंचवीस वर्षं फिजिओ म्हणून काढल्यावर लॉर्ना कुणाच्या तोंडच्या शब्दावर विसंबत नसे. ती भुवया बघायची, ओठांचे कोपरे बघायची, बूट कुठल्या बाजूने झिजलेत ते बघायची.

“पाय झकास आहेत तुझे,” ती म्हणाली. “पण इंजिन ट्रॅक्टरचं आणि सांगाडा हातगाडीचा, अशी गत आहे. पोट, कंबर, ढुंगण, यांत काही जीवच नाही. डोंगर उतरताना दर पावलाला खुबा लचकतो आणि सगळा भार जांघेवर येतो. महिनाभर धावणं निम्मं. रोज वीस मिनिटं जमिनीवर.”

“जमिनीवर काय करायचं?”

“आडवी हो, सांगते.”

नेल पंचवीस वर्षांची होती. बापाच्या चारशे मेंढ्यांमागे रोज डोंगर पालथा घालणारी, गव्हाळ केसांची, हाडापेराने मोठी पोर. कोपरांवर आणि चवड्यांवर अंग तोलून फळीसारखं ताठ राहायचं, एवढं साधं काम लॉर्नाने तिला दिलं. अर्ध्या मिनिटात नेलचं पोट थरथरायला लागलं आणि पाऊण मिनिटात ती चटईवर पालथी पडली.

“माझी आजी यापेक्षा जास्त टिकेल,” ती चटईत तोंड खुपसून म्हणाली.

“आजीला घेऊन ये पुढच्या वेळी. तिला बघून तरी तुला लाज वाटेल.”

नेल खळखळून हसली. लॉर्नाही हसली, पण तिचं लक्ष त्या पोरीच्या पाठीकडे होतं. ही नीट बांधली तर कुणाच्या बापाला ऐकणार नाही, हे तिला त्या पहिल्याच दिवशी कळलं. आणि कळल्याबरोबर छातीत काहीतरी टोचलं.

टोचायला कारण होतं. दरवर्षी ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी आल्डरबेकचा शो भरायचा. मेंढ्यांच्या स्पर्धा, केकच्या स्पर्धा, कुस्त्या, आणि दुपारी तीन वाजता डोंगरशर्यत. मैदानातून निघायचं, स्कार्थ पाइकच्या माथ्यावरच्या दगडांच्या ढिगाला वळसा घालायचा आणि परत यायचं. बायकांमध्ये सगळ्यात कमी वेळ त्रेचाळीस मिनिटं वीस सेकंद. एकोणीसशे ब्याण्णव साली ती वेळ लॉर्नाने नोंदवली होती, वयाच्या चोविसाव्या वर्षी, आणि तीस वर्षांहून जास्त काळ ती कुणाला मोडता आली नव्हती.

लॉर्नाजवळ मिरवायला दुसरं काही फारसं नव्हतं. मूलबाळ झालं नाही. डेरेकशी संसार बरा झाला, पण संसार बरा झाला म्हणून कुणी टाळ्या वाजवत नाही. शोच्या दिवशी मात्र वाजवायचे. तिथली रीतच होती की बायकांची शर्यत सोडायचा मान विक्रम जिच्या नावावर तिचा. ती गवताच्या गाडीवर चढायची, वॉल्टर टायसन कर्ण्यातून तिचं नाव आणि तिची वेळ वाचायचा, लोक टाळ्या वाजवायचे आणि ती हातातला पांढरा रुमाल सोडायची. वर्षातून एकदा, अर्धा मिनिट. बाकीचं वर्ष ती दवाखान्यामागच्या खोलीत लोकांचे गुडघे वाकवायची.

आणि हे वर्ष वेगळं होतं. माथ्याकडे जाणारी वाट पावसाने आणि बुटांनी इतकी खचली होती की पुढच्या वर्षीपासून ती बंद होणार होती. शर्यत दुसऱ्या अंगाने जाणार, अंतर बदलणार, नवे विक्रम सुरू होणार. म्हणजे जुन्या वाटेची ही शेवटची शर्यत. एवढा एक शनिवार निभावला की त्रेचाळीस वीस कायमची. मग जगबुडी आली तरी ती वेळ कुणी मोडणार नव्हतं.

जूनमध्ये नेलचं पोट दोन मिनिटं टिकायला लागलं. एका कुशीवर, एका पायावर, पाठीवर पडून हातपाय उलटसुलट हलवत, लॉर्ना देईल तो व्यायाम ती करायची आणि वर आणखी मागायची. मेंढ्या कातरायच्या दिवसांतही तिने एक दिवस चुकवला नाही. खुबा आता लोखंडी कांबीसारखा सरळ राहायचा. जांघेतली ओढ गेली. लॉर्नाने तिला उतारावर धावायची परवानगी दिली, आणि दर गुरुवारी संध्याकाळी डेरेक दुर्बीण आणि घड्याळ घेऊन मैदानाच्या कुंपणाशी उभा राहायला लागला. तो पाटीच्या दगडाच्या खाणीतून निवृत्त झालेला, बोलायला मोकळा माणूस. क्लबच्या शर्यतींची वेळ तोच घ्यायचा.

“चव्वेचाळीस पाच!” एका गुरुवारी घरात शिरता शिरता तो ओरडला. “तेही सरावात! काय उतरते गं ती पोरगी! डोळे मिटून बघितलं असतं तर वाटलं असतं तूच आलीस.”

“डोळे मिटून कसं बघतोस?”

“तसं नाही गं. ती कोपरं बाहेर काढून, मान पुढे घालून... अगदी तू.”

“मी कोपरं उडवत नव्हते.”

“तू? कोंबडी बरी तुझ्यापेक्षा!” डेरेक मनापासून हसला. “माझं तर त्या कोपरांवरच मन बसलं होतं.”

लॉर्नाने त्याच्यापुढे बटाट्याचं आणि मटणाचं भांडं जरा जोरातच आदळलं. तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि कारण सांगण्यासारखं नव्हतं. डेरेक बिचारा तिचं कौतुकच करत होता. पण त्याच्या डोळ्यांत जी चमक होती ती ब्याण्णव सालची होती, आणि ती आज दुसऱ्याच कुणाला बघून आली होती.

तेही एक वेळ चाललं असतं. खरं दुखणं त्याहून खोल होतं आणि ते तिला जुलैमध्ये एका सकाळी, नेलला मागून न्याहाळताना, नीट उमगलं. लॉर्नालाही जांघेत ओढ लागायची. तेव्हा क्लब चालवणारा म्हातारा म्हणाला होता, धाव म्हणजे सुटेल. ती धावली. पुढे पाठ धरली, मग खुबा. सत्ताविसाव्या वर्षी तिची शेवटची शर्यत झाली आणि पन्नाशीत खुब्यात धातूचा सांधा बसला. हा सगळा प्रकार कशाने होतो आणि कशाने टळतो हे शिकायला ती पुन्हा कॉलेजात गेली, पुस्तकं पाठ केली, पंचवीस वर्षं हात झिजवले. ते सगळं शहाणपण आता तिने या पोरीच्या अंगात ओतलं होतं. नेलला लॉर्ना मिळाली होती. लॉर्नाला कोण मिळालं होतं? हेवा तिला नेलच्या पायांचा नव्हताच. आपण स्वतःच तिला जे दिलं, त्याचा होता. असा हेवा घेऊन माणसाने जायचं कुठे?

शोच्या आधीच्या मंगळवारी नेल शेवटच्या तपासणीला आली. येताना आईने दिलेली डझनभर अंडी घेऊन आली.

“काय म्हणतोय पाय?”

“मस्त.”

“झोप कशी?”

“मेल्यासारखी.”

लॉर्नाने सगळं एकेक करून तपासलं. पोट, पाठ, कुशी. नेल अडीच मिनिटं फळीसारखी राहिली आणि मधे शेजाऱ्यांच्या कुत्र्याची गोष्टही सांगत बसली. एका पायावर बसून उठली. खुबा सरळ.

“आता डाव्या पायावर दहा उड्या. जागच्या जागी.”

नेल उड्या मारायला लागली. एक, दोन, तीन, हलक्या, मुलींनी अंगणात माराव्या तशा. लॉर्ना समोर उभी राहून तिच्या तोंडाकडे बघत होती. आठव्या उडीला नेलच्या डाव्या डोळ्याखालची कातडी किंचित आवळली. नववी, दहावी, पुन्हा काही नाही.

“झालं,” नेल म्हणाली. “पास?”

“दुखलं का कुठे?”

“छे.”

लॉर्नाला अर्थ माहीत होता. जांघेत आत, खोलवर, उडी मारताना एकदाच कळ येते. स्नायूची असेल तर असेल. पण मांडीच्या हाडाची खुब्यालगतची मान असते, तिला बारीक चीर पडली असली तरी अशीच एक कळ येते आणि बाकी काही दिसत नाही. अशा वेळी नियम एकच आहे. धावणं त्या क्षणी बंद, कुबड्या, आणि फोटो काढून हाड बघितल्याशिवाय पुढे पाऊल नाही. फोटोला शहरात दोन आठवडे लागत. शनिवार चार दिवसांवर होता.

‘नाही’ तिच्या ओठांपर्यंत आला. आणि तिथेच तिला स्वतःची शरम वाटली, कारण त्या ‘नाही’बरोबर तिला सुटल्यासारखंही वाटलं होतं. सुटले बाई! विक्रम वाचला, तोही औषधाच्या पुस्तकाच्या पानावर बोट ठेवून, कुणाला शंका न येता. एवढ्याशा आवळलेल्या कातडीवरून आपण एका पोरीचा शनिवार हिरावून घेतोय? दुसरी कुणी मुलगी असती तर एवढं तरी दिसलं असतं का आपल्याला? की गेले चार महिने आपण तिच्या तोंडावर हेच शोधत होतो?

तिने स्वतःला पुन्हा पुन्हा विचारलं आणि उत्तर सापडेना. हा ‘नाही’ फिजिओचा होता की जळक्या बाईचा? दोघींचा आवाज अगदी सारखा येत होता.

“लॉर्ना?” नेल बूट हातात घेऊन उभी होती. “काय झालं?”

“काही नाही,” लॉर्ना म्हणाली. “पळ. शनिवारी चांगली पळ.”

नेलने तिला घट्ट मिठी मारली. ती गेल्यावर लॉर्ना खिडकीशी उभी राहिली आणि तिला अनेक दिवसांत वाटलं नव्हतं इतकं हलकं वाटलं. आपण चांगल्या बाई आहोत असं वाटलं. घरी जाऊन तिने त्या अंड्यांचं ऑम्लेट केलं आणि डेरेकला म्हणाली, “मोडू दे तिला विक्रम. मी खूश आहे.” डेरेकने तिच्याकडे जरा नवलाने पाहिलं आणि तिच्या खांद्यावर थोपटलं.

शनिवारी ऊन स्वच्छ होतं. स्कार्थ पाइक इतका जवळ दिसत होता की हात लावावा. अर्धं खोरं मैदानात लोटलं होतं, कारण जुन्या वाटेची शेवटची शर्यत सगळ्यांना बघायची होती. वॉल्टर टायसनने कर्ण्यात घसा खाकरला.

“बायकांची शर्यत सोडायला, त्रेचाळीस मिनिटं वीस सेकंदवाली, आपली लॉर्ना बर्केट! बघून घ्या तिला नीट. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी कदाचित ही नुसतीच लॉर्ना असेल!”

लोक हसले. लॉर्नाही गवताच्या गाडीवरून हसली आणि रुमाल वर धरला. खाली बावीस बायका उभ्या होत्या. नेलने मान वर करून डोळा मिचकावला. लॉर्नाने रुमाल सोडला.

मैदानातून सगळा डोंगर दिसायचा, त्यामुळे शर्यत सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघता यायची. डेरेक दुर्बीण डोळ्यांना लावून बोलत राहिला आणि त्याच्याभोवती माणसं गोळा झाली.

“भिंत ओलांडली. एकटीच आहे पुढे. बाकीच्या कुठल्या कुठे... दगडांना हात लावला! किती झाले? एकोणतीस चाळीस! लॉर्ना, तुला ब्याण्णवला वर किती लागले होते?”

“तीस वीस,” लॉर्ना म्हणाली. ते तिला झोपेतही सांगता आलं असतं.

“चाळीस सेकंद पुढे आहे! बघा, बघा कशी उतरतेय!”

दुर्बिणीशिवायही दिसत होतं. एक लाल ठिपका हिरव्या उतारावरून पाण्यासारखा खाली येत होता. लोक ओरडायला लागले. नेलची आई ब्रेंडा दोन्ही हात तोंडावर धरून उभी होती. मंगळवारचा सगळा चांगुलपणा लॉर्नाच्या अंगातून ओसरला, आणि ती स्वच्छ, पोटभर जळाली. तिच्या मनात एकच शब्द आला: पड.

विचाराने हाडं मोडत नाहीत हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. खालच्या भिंतीपाशी, मैदान अवघ्या अर्ध्या मैलावर राहिलं असताना, नेलने भिंत ओलांडायच्या लाकडी पायरीवरून डाव्या पायावर उडी टाकली आणि ती उठलीच नाही.

लोकांना वाटलं घसरली. “ऊठ पोरी!” असं चहूकडून ओरडले. डेरेक घड्याळाकडे बघत म्हणाला, “अजून वेळ आहे, अजून आहे.” फक्त लॉर्ना आपल्या धातूच्या खुब्यावर जमेल तेवढी पळत भिंतीकडे निघाली होती. पोचली तेव्हा नेल पाठीवर पडलेली होती. डावं पाऊल बाहेरच्या बाजूला लोळलं होतं आणि तो पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसत होता. तोंड पांढरंफटक.

“दुखतंय,” नेल म्हणाली.

तो शब्द लॉर्नाने त्या खोऱ्यात एखाद्या मोठ्या माणसाच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

शहरातल्या इस्पितळात मांडीच्या हाडाच्या मानेत तीन स्क्रू घातले. डॉक्टर म्हणाले, चीर काही आठवड्यांची जुनी असणार. हाडाला रक्त पोचलं तर चालेल, मेंढ्या राखेल. डोंगर उतरून धावणं विसरलेलं बरं. ब्रेंडा मॉसपने इस्पितळाच्या व्हरांड्यात लॉर्नाचे दोन्ही हात धरले.

“तू एवढी मेहनत घेतलीस तिच्यावर,” ती म्हणाली. “डॉक्टरच म्हणाले, अंग एवढं कणखर आहे म्हणून लवकर उठेल. तुझे उपकार आहेत बाई.”

तीन आठवडे लॉर्ना ते उपकार अंगावर वागवत हिंडली. गावात जो तो तिला धीर द्यायचा. नशीब, दुसरं काय! वॉल्टर टायसनने दुकानात तिला गाठून हळूच सांगितलं, “तसा तुझा विक्रम राहिला हो. वाईटातून चांगलं.” तिला त्याच्या तोंडात मारावंसं वाटलं. मग ती तशीच गाडी काढून मॉसपांच्या शेतावर गेली.

नेल स्वयंपाकघरात शेगडीशेजारी पाय लांब करून बसली होती, कुबड्या भिंतीला टेकवलेल्या. ब्रेंडा चहा ठेवून कोंबड्यांकडे गेली. लॉर्नाने कोटही काढला नाही.

“मंगळवारी मी तुला उड्या मारायला लावल्या,” ती म्हणाली. “आठव्या उडीला तुला कळ आली. मी पाहिलं.”

नेलची नजर लांब केलेल्या पायावर गेली.

“मला माहीत होतं ती कशाची असू शकते. थांबवायला हवं होतं. मी थांबवलं नाही.”

“मला वाटलं होतं कुणाला दिसलं नाही,” नेल सावकाश म्हणाली. “मग हो का म्हणालात?”

“कारण मी जळत होते तुझ्यावर. एप्रिलपासून. आणि नाही म्हटलं असतं तर ते तुझ्यासाठी की माझ्यासाठी, हे माझं मलाच कळेना. म्हणून हो म्हटलं.”

शेगडीवरची किटली बोलायला लागली. नेलने तिच्याकडे पाहिलं, आणि लॉर्नाला दिसलं की त्या पोरीच्या चेहऱ्यावर आता लपवायला काहीच उरलेलं नव्हतं.

“म्हणजे तुम्हाला आपण चांगल्या आहोत असं वाटावं,” नेल म्हणाली, “म्हणून माझं हाड मोडलं.”

“हो.”

“त्यापेक्षा माझं वाईट व्हावं म्हणून नाही म्हणाला असतात तर मी आज धावत असते.”

“हो.”

“जा तुम्ही.”

लॉर्ना गेली. दुसऱ्या दिवशी तिने फिजिओंना परवाना देणाऱ्या मंडळाला आपल्या हाताने पत्र लिहिलं, काय पाहिलं आणि काय केलं ते सगळं. हेव्याबद्दलही लिहिलं, पण त्यासाठी त्यांच्या अर्जात रकाना नव्हता. ऑक्टोबरभर तिला घरी बसवलं, मग ताकीद देऊन परत घेतलं. डेरेकने पत्राची प्रत वाचली. घडी घालून पाकिटात ठेवली आणि म्हणाला, “मी कोपरांबद्दल बोललो, ते चुकलंच माझं.” लॉर्नाला त्या बापड्या माणसाची इतकी कीव आली की ती त्याच्या छातीवर डोकं टेकून रडली.

नोव्हेंबरच्या मध्यावर दवाखान्यामागच्या खोलीचं दार न वाजवता उघडलं. नेल एका काठीवर होती.

“मी तुम्हाला माफ केलेलं नाही,” ती आत येत म्हणाली.

“बरं.”

“शहरातला फिजिओ चांगला मुलगा आहे. विचारतो, दुखतंय का? मी म्हणते नाही. तो लिहून घेतो, नाही.” ती धपकन खुर्चीत बसली. “अशानं मी पुन्हा मोडेन. मला खरं बोलायची सवयच नाही, आणि तुम्हाला दिसतं.”

“दुसरी कुणी बघू आपण. मी चिठ्ठी देते.”

“दुसऱ्या कुणाला दिसतं?” नेल चिडून म्हणाली. “सांगा की. या अख्ख्या खोऱ्यात?”

लॉर्ना उठली. तिने कोट चढवला.

त्या दोघी मॉसपांच्या शेताकडे जाणाऱ्या गाडीवाटेने निघाल्या. नेल पुढे आणि लॉर्ना दहा पावलं मागे, कारण चाल मागूनच कळते. दोन्हीकडे भिजून काळ्या झालेल्या दगडी भिंती होत्या. नेलने काठी आधी हातात नुसती धरली, मग काखेत मारली. तिची पाठ सरळ होती, खुबा सरळ होता, सगळा उन्हाळा जमिनीवर घाम गाळून कमावलेलं अंग स्क्रू घातलेल्या पायालाही सांभाळून नेत होतं. चढ लागला तशी ती वेग वाढवत गेली. लॉर्ना दहाची वीस पावलं मागे पडली.

आणि तेव्हाही टोचलं. लॉर्नाला वाटलं होतं, एवढं सगळं झाल्यावर ते मेलेलं असेल. मेलेलं नव्हतं. तीन स्क्रू घालून, डोंगर गमावूनही ती पोर जसं चालत होती, तसं लॉर्ना पन्नाशीनंतर एक दिवस चालली नव्हती. असू दे, तिने मनाशी म्हटलं. ते तिथेच बसून राहणार आहे, त्याच्याशी भांडत बसायला वेळ नाही.

वळणापाशी नेलचा डावा खांदा डाव्या पावलाबरोबर केसभर खाली गेला. पुढच्या पावलाला ती तो वर ओढून धरत होती.

“थांब,” लॉर्ना म्हणाली.

“मला काही होत नाहीये.”

“थांब म्हटलं ना.”

नेल थांबली. रागाने तिची मान लाल झाली होती. मागे न बघता तिने काठी खाली टेकली आणि भिंतीच्या सखल दगडावर बसली. लॉर्ना धापा टाकत पोचली आणि जागा होती म्हणून शेजारी बसली, मधे एका माणसाचं अंतर ठेवून.

“घर तीनशे पावलांवर आहे,” नेल समोर बघत म्हणाली.

“दिसतंय. तरी इथंच बसायचं.”

“किती वेळ?”

“मी ऊठ म्हणेपर्यंत.”

समोरच्या शेतात मेंढ्या चरता चरता भिंतीच्या आडोशाला येत होत्या. नेलने डाव्या मांडीवर, अगदी वर, तळहात दाबून धरला. लॉर्ना ते बघतेय हे तिला माहीत होतं, आणि तिने हात काढला नाही.